कार्ड हातात, डॉक्टर कुठे?

‘इथे योजना चालते का?’ राज्यातल्या खासगी इस्पितळांच्या काउंटरवर हा प्रश्न रोज विचारला जातो. ‘हो’ असं उत्तर आलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. गर्भवतीच्या बाबतीत मात्र तो इतक्यात पडू देऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत या योजनांत डॉक्टर अंगीकृत होत नाही, इस्पितळ होतं. तेही सरसकट नव्हे, ठरावीक विभागांपुरतं. दारावर योजनेचा मोठा फलक लावलेल्या इस्पितळात हाडांचा आणि हृदयाचा विभाग योजनेत असतो, प्रसूती विभाग नसतो, असं होऊ शकतं. प्रसूती विभाग योजनेत असला तरी दर महिन्याला दाखवायला जाणं, सोनोग्राफी, रक्त-लघवी हा बाह्यरुग्ण खर्च तिच्यात बसत नाही. ही योजना मुळात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी, त्यातही शस्त्रक्रिया आणि गंभीर आजारांसाठी आखलेली आहे.

त्यामुळे ‘योजना घेणाऱ्या गायनॅक कोण?’ अशी चौकशी गावभर करत फिरणाऱ्या कुटुंबाला बहुधा अर्धवट उत्तरं मिळतात. त्याऐवजी आधी दोन गोष्टी घरातच ठरवाव्यात. हातात नेमकं कोणतं कवच आहे? राज्याची योजना, आयुष्मान कार्ड, पगारातून कापली जाणारी कामगार विमा योजना की केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस? आणि ते कशासाठी वापरायचं आहे? नियमित तपासणी, बाळंतपण, बाळंतपणातली गुंतागुंत आणि गर्भपिशवीची शस्त्रक्रिया या चार कामांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

पहिल्या दोन कामांसाठी तर विम्याची गरजच नाही. सरकारी इस्पितळातलं बाळंतपण १ जून २०११ पासून देशभर मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम हे त्या तरतुदीचं नाव. नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, हे सगळं विनामूल्य. नॉर्मलनंतर तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवणही. घरून इस्पितळात, एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात आणि बाळ-बाळंतिणीला परत घरी पोचवणारी गाडीसुद्धा यातच येते. महाराष्ट्रात त्यासाठी १०२ क्रमांक आहे, आणीबाणीत १०८. या सवलतीसाठी रेशन कार्डाचा रंग बघितला जात नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कितवं बाळंतपण हेही विचारलं जात नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या इस्पितळांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसेही बंद झाले. तो निर्णय महापालिकांच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या इस्पितळांना लागू नव्हता. तिथे पावती फाडायला सांगितलं, तर ‘जननी शिशु’चं नाव घेऊन विचारावं. नाव घेतल्याने फरक पडतो.

मोफत आहे हे ठीक, पण तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ भेटतात का?

प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा भेटत नाहीत. तिथे वैद्यकीय अधिकारी असतात, परिचारिका असतात, साधं बाळंतपण होतं. सिझर होत नाही. सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञाखेरीज भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठ्याची सोय लागते. ही जुळणी ग्रामीण रुग्णालयात कधी असते, कधी नसते. उपजिल्हा रुग्णालयात आणि जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये ती असायलाच हवी. काही शहरांत बायकांसाठी स्वतंत्र सरकारी इस्पितळं आहेत. अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग, नागपुरातलं डागा ही नावं विदर्भात कुणालाही सांगावी लागत नाहीत. मुंबईत १८८६ सालचं कामा इस्पितळ, महापालिकेची केईएम, सायन, नायर आणि वॉर्डावॉर्डांतली प्रसूतिगृहं; पुण्यात ससून आणि महापालिकेचं कमला नेहरू. या ठिकाणी दिवसाला जितकी बाळंतपणं होतात, तितकी एखाद्या छोट्या खासगी नर्सिंग होममध्ये महिन्यातही होत नसतील. गर्दी आहे, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे धावणाऱ्या निवासी डॉक्टरांचा वैतागही आहे. पण रक्तस्राव थांबत नसेल किंवा झटके येत असतील, तर आसपासची खासगी इस्पितळं अखेर बाईला इथेच पाठवतात.

ग्रामीण रुग्णालयात नाव घालण्याआधी एकच प्रश्न विचारला तरी बरंच कळतं: ‘रात्री सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ इथे येतात का?’ उत्तर ‘पुढे पाठवतो’ असं असेल, तर पुढे म्हणजे कुठे, किती किलोमीटर, कोणत्या गाडीने, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावं.

स्त्रीरोगतज्ज्ञांना पैसे न देता दाखवण्याची सगळ्यात कमी वापरली जाणारी संधी म्हणजे दर महिन्याची नऊ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झालं. चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींना या दिवशी सरकारी केंद्रांवर तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासावं, आवश्यक तपासण्या कराव्यात, अशी त्याची रचना आहे. खासगी व्यवसाय करणारे स्त्रीरोगतज्ज्ञही यात स्वेच्छेने येतात. म्हणजे जिच्याकडे एरवी फी भरून जावं लागलं असतं, ती डॉक्टर त्या दिवशी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात भेटू शकते. तपासणीनंतर जोखमीच्या गर्भवतीच्या कार्डावर लाल स्टिकर लावलं जातं. हे स्टिकर बघून घाबरण्यापेक्षा त्याचा उपयोग करून घ्यावा. पुढच्या इस्पितळात ते दाखवलं की बाई जोखमीची आहे हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

हे सगळं मिळण्याचं दार म्हणजे नोंदणी. पहिल्या बारा आठवड्यांत आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे नाव नोंदवलं, की माता व बाल संरक्षण कार्ड हातात येतं. खासगी डॉक्टरकडेच दाखवायचं ठरलेलं असलं तरी ही नोंद करावी. नोंद केली म्हणून बाळंतपण सरकारीतच करावं लागतं, हा गैरसमज शहरी मध्यमवर्गात बराच आहे. तसं काही बंधन नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये, यांचा माग इथूनच सुरू होतो. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातांना संस्थेत बाळंतपण झाल्यावर जननी सुरक्षा योजनेतून मिळणारे ग्रामीण भागातले ७०० आणि शहरातले ६०० रुपयेही याच नोंदीवर अवलंबून असतात. रक्कम लहान आहे. पण खातं सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल तर तीही अडकते. बाईच्या स्वतःच्या नावावरचं, आधारशी जोडलेलं खातं आधीच उघडून ठेवावं.

आता राज्याच्या योजनेकडे. ती २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं आणि २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडून चालवली जाते. सुधारित योजनेत पिवळ्या, केशरीबरोबर पांढऱ्या कार्डाचीही कुटुंबं आली आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेलं. गर्भवतीला तिचा खरा उपयोग होतो तो बाळंतपण सरळ न राहिल्यावर: गर्भाशय फाटणं, वार आधीच सुटून रक्तस्राव होणं, झटके येऊन अतिदक्षता विभागात ठेवावं लागणं. अशा वेळी खासगी इस्पितळाचं बिल लाखांत जातं. म्हणून लाल स्टिकरवाल्या बाईच्या घरच्यांनी योजनेतलं इस्पितळ दिवस भरायच्या आधीच हेरून ठेवायला हवं.

हेरायचं कसं? १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री क्रमांकांवर जिल्हा सांगून ‘स्त्रीरोग आणि प्रसूती विभाग योजनेत असलेली इस्पितळं’ विचारावीत. ‘योजनेतली इस्पितळं’ एवढंच विचारलं तर लांबलचक यादी मिळेल आणि ती फारशी कामाची नसेल. आयुष्मान कार्डासाठी देशपातळीवरचा क्रमांक १४५५५ आहे. यादी मिळाल्यावर प्रत्यक्ष इस्पितळात जाऊन आरोग्यमित्राला भेटावं. योजनेतल्या प्रत्येक इस्पितळात आरोग्यमित्राचं टेबल असतं, सहसा प्रवेशद्वाराजवळ. डॉक्टरांचा सहायक किंवा बिलिंगचा कारकून ‘योजना चालते’ म्हणाला तरी तो शब्द अंतिम धरू नये. कार्ड पडताळणं आणि मंजुरीसाठी कागद पुढे पाठवणं हे काम आरोग्यमित्राचं. त्याला विचारायचं ते असं: ‘मॅडमनी सांगितलेली ही शस्त्रक्रिया तुमच्या पॅकेजच्या यादीत आहे का? ती या इस्पितळात होते, की सरकारी इस्पितळासाठी राखीव आहे?’ दुसरा भाग फार महत्त्वाचा. काही उपचार योजनेत असूनही फक्त सरकारी इस्पितळांनाच करता येतात, आणि हे ऐन वेळी कळलं की कुटुंबाची धावपळ होते.

पॅकेज मंजूर झालं की त्यात खाट, शुश्रूषा, सर्जन आणि भूलतज्ज्ञांची फी, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी परतण्याचं एका वेळचं भाडं येतं. वरून ‘मॅडमची फी वेगळी’ असं कोणी म्हणालं तर ते नियमाला धरून नाही. आणीबाणीत कार्ड घरी राहिलं असेल तरी अडवता येत नाही. फोनवर कळवून तात्पुरती नोंद होते आणि कागदपत्रं नंतर तीन दिवसांत आणून देता येतात.

या सगळ्यात सर्वांत जास्त बायका जिथे अडकतात, ती गोष्ट वैद्यकीय नाहीच. लग्नानंतर माहेरच्या रेशन कार्डातून नाव कमी होतं आणि सासरच्या कार्डात चढायचं राहून जातं. वर्ष-दोन वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. धान्य तर चालूच असतं. मग सातव्या-आठव्या महिन्यात इस्पितळाच्या टेबलावर कळतं की कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण सून त्या कुटुंबात नाही. आधारवर माहेरचं आडनाव आणि कार्डात सासरचं, हा त्याचाच दुसरा अवतार. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतलं हे काम चार दिवसांत होत नाही. दिवस गेल्याचं कळल्यावर पहिल्या सोनोग्राफीच्या आधी रेशन कार्ड उघडून बघणं हाच यावरचा इलाज.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याच्या रीतीनेही थोडी गुंतागुंत होते. राज्याच्या योजनेला जिल्ह्याची अट नाही. साताऱ्याचं कार्ड लातूरच्या इस्पितळात चालतं. आयुष्मान कार्ड तर राज्याबाहेरही चालतं, त्यामुळे माहेर बेळगावला किंवा इंदूरला असलेल्या मुलींनी ते आधी काढून घ्यावं. कामगार विमा योजनेचं मात्र तसं नाही. तिथे दवाखाना नेमून दिलेला असतो.

ही कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, खरं तर या सगळ्यांतलं सर्वांत भरीव कवच आहे आणि चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कामगारांना त्याची सर्वांत कमी माहिती असते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्या बदल्यात फक्त दाखल झाल्यावरचे नव्हे, तर बाह्यरुग्ण उपचारही मिळतात. म्हणजे दरमहाची तपासणीही यात बसते, जी राज्याच्या योजनेत बसत नाही. कामगाराच्या बायकोलाही हे उपचार आहेत. कामगार स्वतः स्त्री असेल तर त्यापुढे २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मागच्या दोन अंशदान कालखंडांत मिळून निदान ७० दिवसांचं अंशदान भरलेलं हवं. कंत्राटी कामगार बाईचा ठेकेदार पैसे कापतो आणि भरत नाही, असं घडतं. म्हणून विमा क्रमांक टाकून पोर्टलवर अंशदानाची नोंद स्वतः तपासावी, ठेकेदाराच्या तोंडी हमीवर राहू नये.

ईएसआयमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञापर्यंत जाण्याचा रस्ता ठरलेला आहे. नेमून दिलेल्या दवाखान्यात किंवा विमा डॉक्टरकडे जायचं, तिथून ईएसआयच्या इस्पितळात, आणि तिथे सोय नसेल तर रेफरलचं पत्र घेऊन करारबद्ध खासगी इस्पितळात. आधी खासगीत दाखवून मग पत्र मागितलं तर ते मिळत नाही आणि बिल अंगावर पडतं. आणीबाणीत करारबद्ध इस्पितळात थेट दाखल होता येतं, पण ईएसआयला लगेच कळवावं लागतं. बायको माहेरी जाणार असेल तर तिच्यापुरता दवाखाना माहेरच्या गावाजवळचा करून घ्यावा. कंपनीच्या मनुष्यबळ विभागातला माणूस चांगला असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

कोणत्याच योजनेत न बसणाऱ्या, पण खासगी बिल न परवडणाऱ्या कुटुंबांसाठी धर्मादाय इस्पितळं उरतात. सार्वजनिक न्यासांखाली चालणाऱ्या मोठ्या इस्पितळांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. उत्पन्नमर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन इस्पितळाच्या समाजसेवा विभागात, म्हणजे एमएसडब्ल्यूंकडे जायचं. रोख बिलाच्या खिडकीवर नव्हे. आणीबाणीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागू नये, असं ही योजनाच सांगते. तरी २०२५ च्या मार्चअखेरीस पुण्यात जुळ्यांच्या गर्भवतीला दाखल करताना धर्मादाय इस्पितळाने दहा लाख रुपये मागितल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. बाळंतपण दुसरीकडे झालं आणि ती दगावली. राज्यभर संताप उसळला, चौकशा लागल्या. नियम कागदावर असणं आणि रात्री अकरा वाजता काउंटरवर असणं यांत किती अंतर आहे, हे त्या वेळी सर्वांनाच दिसलं. म्हणून समाजसेवा विभागाशी बोलणं आधी, दिवसाउजेडी करून ठेवावं.

छोट्या खासगी प्रसूतिगृहांपैकी निवड करायची असेल तर दोन खुणा उपयोगी पडतात. देशातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाचा, म्हणजे फॉग्सीचा, ‘मान्यता’ नावाचा दर्जा उपक्रम आहे. बाळंतपणाच्या काळजीचे सोळा निकष पाळणाऱ्या इस्पितळाला ते प्रमाणपत्र मिळतं. ते भिंतीवर आहे का ते बघावं. शेजारी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद आहे का तेही. २०२१ च्या नियमांनुसार राज्यातल्या नर्सिंग होमना दोन्ही लावणं बंधनकारक आहे.

गर्भवती नसलेल्या बायकांबद्दल थोडं वेगळं बोलावं लागतं, कारण तिथे योजनेचा धोका उलट्या बाजूने येतो. जून २०१९ मध्ये सरकारने विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी इस्पितळांत तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भपिशवी काढली गेली. त्यांत ऊसतोड कामगार बायका मोठ्या संख्येने होत्या. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं. बीडमध्ये बहुतेकींनी पैसे स्वतःच्या खिशातून, कर्ज काढून भरले. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानबाबत सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत मात्र आरोप थेट सरकारी विम्याशी जोडलेला होता: बिल लावता येतं म्हणून पिशव्या काढल्या जातात. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारून अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. अंगावरून जास्त जातं, पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून गेलेल्या पस्तिशीतल्या बाईला पहिल्याच भेटीत ‘कार्ड आहे ना? मग पिशवी काढून टाकू’ असं ऐकायला मिळालं, तर तिथून उठून सिव्हिलमध्ये किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात दुसरं मत घ्यावं. सोनोग्राफीचा आणि पॅप तपासणीचा अहवाल सोबत न्यावा. रक्तस्रावावर गोळ्या आहेत, संप्रेरकाची तांबी आहे. कर्करोग नसताना पिशवी काढणं हा बहुधा शेवटचा उपाय असतो. ‘पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य अहवालाशिवाय कोणी म्हणत असेल, तर ते लेखी मागावं.

योजनेत मंजुरी मिळूनही पैसे मागितले गेले, तर पावती घ्यावी. पावती नाकारली तर तारीख, रक्कम आणि मागणाऱ्याचं नाव लिहून ठेवावं आणि दाखल असतानाच १५५३८८ वर तक्रार नोंदवावी. घरी गेल्यावर केलेली तक्रार चालते, पण तिचा जोर कमी होतो. सरकारी इस्पितळाबद्दल तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, धर्मादाय इस्पितळाबद्दल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे, ईएसआयबद्दल त्यांच्या विभागीय कार्यालयाकडे जाते.

बाळासाठीही एक तयारी लागते. कमी वजनाचं किंवा अवेळी झालेलं बाळ काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर सरकारी इस्पितळात आजारी बाळाचे उपचार पहिल्या वर्षापर्यंत जननी शिशु कार्यक्रमात मोफत आहेत. खासगीत न्यावं लागलं तर बाळाचं नाव अर्थातच रेशन कार्डावर नसतं. तेव्हा जन्माचा दाखला आणि आईवडिलांचं कार्ड यांवर योजनेत नोंद करून घेता येते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. इस्पितळाने ती केली आहे का, हे घरी सोडायच्या दिवशीच विचारून घ्यावं.